हरित घराचा पहिला नंबर

पर्यावरण हा विषय मी मागून घेतला नव्हता, तो माझ्या गळ्यात पडला. रत्नागिरीपासून थोड्या आतल्या गावात आमची माध्यमिक शाळा. मी तिथे शास्त्र शिकवायची. एका जूनमध्ये वेळापत्रक लावताना हेडसर म्हणाले, "बाई, तुमचे तास कमी भरतायत. पर्यावरण घेऊन टाका." घेऊन टाका, हे शब्द मला तेव्हाच खटकायला हवे होते. या विषयाला गुण नसतात, श्रेणी असते, आणि ज्याला गुण नाहीत त्या विषयाला शाळेत शनिवारचा शेवटचा तास मिळतो. तोही गणिताच्या सरांचा भाग मागे राहिला असेल तर त्यांना द्यायचा. निवृत्त होईपर्यंत तो विषय माझ्याकडेच राहिला. गावात मला अजून 'पर्यावरणाच्या बाई' म्हणतात. मी समोरून आले की लोक हातातली प्लास्टिकची पिशवी पाठीमागे नेतात. माझ्या कामाचा डोळ्यांना दिसलेला परिणाम म्हणाल तर एवढाच.

या अंकाच्या संपादकांनी 'प्रेरणादायी' अनुभव लिहायला सांगितले आहेत. तसे फारसे हाताशी नाहीत. जे आहेत ते लिहिते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा विषय म्हणजे झाडं लावणं. लावली की. आमच्या शाळेच्या आवारात माती नाही, नुसता सडा, म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा कातळ. पहारीने खड्डे पाडायचे, खालच्या शेतातून घमेल्याने माती आणून भरायची, पाहुण्यांच्या हस्ते रोप लावायचं, फोटो काढायचा. फेब्रुवारीत कातळ तापला की रोपं वाळायची, आणि पुढच्या जूनला खड्डे तयारच असायचे. त्यामुळे पहिल्या वर्षीची मेहनत कधी वाया गेली नाही. आवारात आज एक काजूचं झाड चांगलं वाढलेलं दिसतं. ते कुणीच लावलेलं नाही.

दरवर्षी एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर सफाईला जायचं. एका वर्षी मोठा फलक घेऊन गेलो, 'प्लास्टिकमुक्त किनारा', आणि तो फलक प्लास्टिकचा. मुलांनी उन्हात वाकून वाकून गोणी भरल्या. मग पाहुण्यांतर्फे खाऊ आला. वेफर्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्या. मुलांनी तो खाल्ला आणि शहाण्यासारखी रिकामी पाकिटं त्याच गोणींत कोंबली. एका मुलीने विचारलं, "बाई, हे आता कुठे नेणार?" मी म्हटलं, गाडी येईल. गाडी कुठे नेते हे तिने विचारलं नाही म्हणून मी सुटले. परतताना आमचा शिपाई तुकाराम हळूच म्हणाला, "बाई, ह्यो फलक मना द्या. पावसात फाटीं झाकायला बरा पडंल." दिला. त्या फलकाने पुढे कित्येक पावसाळे तुकारामाच्या घरचं जळण कोरडं ठेवलं, आणि मला वाटतं, त्या मोहिमेचा खरा उपयोग तेवढाच झाला.

शिकवायची माझी पद्धत साधी होती. पुस्तकात ध्रुवावरचा बर्फ वितळतो, तो वितळला काय नि न वितळला काय, आमच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. विहिरीचा तळ दिसायला लागला की मात्र वाटतं. म्हणून मी घरापासून सुरुवात करायची. पाणी कुठून येतं, कोण आणतं, कचरा कुठे टाकता, चूल कशावर पेटते. मुलं भराभर सांगायची. अडचण पुढे होती. घरात काय आणायचं आणि काय नाही, हे मुलांच्या हातात नसतं. जे मोठ्यांना सांगायला हवं ते आम्ही पोरांना सांगतो, कारण पोरं तासाला बसतात आणि मोठी माणसं बसत नाहीत. एकदा चिऱ्याच्या खाणींनी सडा कसा उद्ध्वस्त होतो ते शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "बाई, माजे बाबा खाणीवरच हायत. बंद करायची तर खायचं काय, ता पण सांगा." पुस्तकात त्याला 'पर्यायी रोजगार' असा शब्द आहे. मी तो सांगितला. तो खाली बसला. असे शब्द सांगून सांगून मी थकत गेले.

पण ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती 'हरित घर' स्पर्धेची आहे. माझ्या नोकरीच्या अगदी शेवटाकडची.

तालुक्याहून एक छापील तक्ता आला. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरची माहिती भरायची: वीज किती, पाणी किती, गाडी आहे का, फ्रीज आहे का, किती अन्न टाकलं जातं. वापर जितका कमी तितके गुण जास्त. सगळ्यात जास्त गुण मिळवणारं घर ते शाळेचं 'हरित घर', आणि त्या विद्यार्थ्याला स्नेहसंमेलनात बक्षीस. मला कल्पना आवडली होती. निदान घराबद्दल काही विचारत होते. मी स्वतःही तो तक्ता भरून पाहिला. माझा नंबर शेवटून मोजायला सोपा पडला असता.

पहिली आली दहावीतली सरिता.

आमच्या भागात हापूसच्या कलमांची राखण नेपाळी माणसं करतात. बागेतच एक चिऱ्याची खोली असते, वर पत्रे, तिथे कुटुंबासकट राहतात. वानरं हाकलायची, फवारणीला मदत करायची, मोहोर फुटला की आंबा उतरेपर्यंत रात्रभर फिरायचं. त्यांची मुलं आमच्याच शाळांत शिकतात आणि इथली बोली आमच्यापेक्षा अस्सल बोलतात. सरिताचा जन्म इथल्याच सरकारी दवाखान्यातला. तिच्या वडिलांचं नाव टेकबहादूर, पण त्यांना सगळे नुसतं बहादूर म्हणायचे. प्रत्येक बागेच्या राखणदाराला तेच म्हणतात, नाव विचारायची गरज पडत नाही.

सरिताने तक्त्यात लिहिलं होतं: वीज, शून्य. गाडी नाही. फ्रीज नाही. पाणी, खालच्या विहिरीवरून आई आणि मी आणतो, लागेल तेवढंच. 'टाकलेले अन्न' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'उरत नाही.' एक अक्षर खोटं नव्हतं. मी गुणांची बेरीज केली, तक्त्यांतल्या माहितीसकट यादी हेडसरांकडे दिली आणि ती फलकावर लागली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सरिता प्रयोगशाळेत आली. दार लोटून घेतलं.

"बाई, संमेलनात माजं नाव नका वाचू."

"का गं? पहिली आलीस."

"कसली पहिली? पोरी विचारतायत, तुमच्याकडं टीव्ही पण नाय? इतकी वर्षं कुणाला म्हायती नव्हतं."

मग कळलं. ही मुलगी रोज सकाळी वर्गात आल्यावर एका घोळक्यात कालच्या मालिकेची गोष्ट ऐकायची आणि दुसऱ्या घोळक्यात जाऊन स्वतः पाहिल्यासारखी सांगायची. तिच्या तोंडून ती गोष्ट जास्त रंगायची, असं मुली म्हणत. आता फलकाने ते सगळं उघडं पाडलं होतं. मला फार वाईट वाटलं. पण ती रडायला आली नव्हती, तिला आणखी बोलायचं होतं.

"आणि बाई, मीटरचं पण बिघडेल."

मीटरचं असं होतं. बागेच्या खालच्या अंगाला विजेचा खांब आलेला होता. तिथून वर खोलीपर्यंत तार ओढायची तर अर्जावर जमीनमालकाची सही लागते. ती सही टेकबहादूर पावसाळ्यापासून मागत होते. सरिताकडे एक सौर कंदील होता, त्यावर ती अभ्यास करायची. पण मोहोर फुटला आणि राखण सुरू झाली की तो कंदील वडील बागेत घेऊन फिरणार. मार्चमध्ये हिची परीक्षा. म्हणजे ऐन अभ्यासाच्या दिवसांत घरात काळोख. "मालक बोलले होते, बघू. आता बोलतील, लाईट नाय म्हणून तर बक्षीस मिळालं."

बागेचे मालक म्हणजे आप्पा. आप्पा आमच्या संस्थेचे उपाध्यक्ष, आणि संमेलनाला बक्षीस द्यायलाही तेच येणार होते.

मी हेडसरांकडे गेले. म्हटलं, दुसऱ्या नंबरच्या मुलाला पहिला करा. हेडसर म्हणाले, "बाई, आता कसं शक्य आहे? आप्पांना काल फोन केला. इतके खूश झालेत, म्हणाले, आमच्याच बागेतली पोर." मग मी संध्याकाळी आप्पांच्या घरी गेले.

आप्पांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. शाळेचे पत्रे गळायचे तेव्हा त्यांनी स्वतः उभं राहून दुरुस्त करून घेतले. सरिताच्या आईच्या बाळंतपणाला त्यांचीच गाडी गेली होती. ते पडवीत झोपाळ्यावर बसले होते. मला बघून म्हणाले, "या बाई. पोरीने नाव काढलान हो बागेचं."

मी थेट सहीचं विचारलं. आप्पांनी झोपाळा थांबवला.

"तुम्हाला कुणी सांगितलान?"

"मलाच कळलं. दहावीचं वर्ष आहे तिचं."

"बाई, तुम्ही शास्त्राच्या. सातबारा तुम्हाला कळायचा नाही. आज बहादूरच्या नावाने तिथे मीटर बसला की उद्या तो कूळ म्हणून उभा राहील. आमच्या वडलांनी हे भोगलंय."

कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस, आणि कायद्याने ती पुढे त्याच्या नावावर होऊ शकते. आप्पांच्या वडिलांची भातशेती अशीच गेली होती. तेव्हापासून त्या घरात बाहेरच्या माणसाचं नाव कुठल्याही कागदावर येऊ द्यायचं नाही, हा नियमच झाला होता. नेपाळहून आलेला राखणदार हापूसच्या बागेवर हक्क सांगेल, ही भीती मला हास्यास्पद वाटली. आप्पांना वाटत नव्हती.

"मग तुमच्या नावाने घ्या मीटर."

"घेऊ की. घाई काय आहे? आणि बाई," आप्पा हसायला लागले, "लाईट दिली तर तुमचा तो हरित नंबर राहील काय?"

आप्पांच्या बायकोने, काकूंनी, कोकम सरबत आणलं. मी ते प्याले आणि परत आले. भांडायला हवं होतं असं वाटेत शंभरदा वाटलं. पण शाळेत काम करणाऱ्या बाईने उपाध्यक्षांच्या पडवीत किती भांडायचं, याची एक सवय झालेली असते.

संमेलन दुपारचं होतं. मंडपात सगळा गाव. आप्पा बोलायला उभे राहिले. आपण विजेशिवाय तासभर राहू शकत नाही, म्हणाले. पंखा बंद पडला की आपला जीव कासावीस होतो. आणि ही मुलगी पाहा, निसर्गाच्या कुशीत, कसली हाव नाही, तक्रार नाही. याला म्हणतात शाश्वत जीवन. तो शब्द आमच्या पुस्तकातला होता. वर्षानुवर्षं मी तो फळ्यावर लिहिला होता, पण त्या दिवशी मला तो ऐकवेना.

सरिता वर गेली. आप्पांनी तिला प्रमाणपत्र आणि तालुक्याहून आलेली कापडी पिशवी दिली. मग कौतुकाने माईक तिच्यापुढे धरला. "सांग पोरी, कसं काय जमवतेस हे सगळं?"

मला वाटलं, मान खाली घालून उतरेल.

"मी काय जमवत नाय, आप्पा," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण माईक चांगला होता. "आमच्याकडं नायच काय, म्हणून नंबर आला. तुमी मीटरची सही केलीत की माजा नंबर जाईल. जाऊ दे."

आणि ती खाली उतरली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना. हेडसरांनी आप्पांच्या हातातला माईक घेऊन घाईघाईने पुढचा नाच जाहीर केला.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी टेकबहादूर फाटकाशी उभे. त्यांनी हात जोडले. "बाई, पोरीने असा बोलायला नको होता. मालक बाग सोडायला सांगेल. मग शाळा पण गेली, घर पण गेला. तुम्ही माफी मागा ना तिच्या तर्फे." मी म्हटलं, मी बोलते. काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटत होती. दहावीच्या वर्षात त्या पोरीचं बिऱ्हाड हललं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

मला बोलायला लागलंच नाही. जे काम माझ्याने झालं नाही ते गावाने केलं, आणि तेही गाव करतो तसंच केलं, म्हणजे कुणीही एक शब्द रागाने बोललं नाही. आप्पा सकाळी दाढीला गेले, तर वस्तरा लावता लावता न्हाव्याने विचारलं, "आप्पा, मीटर लागला काय?" दूध घ्यायला गेले, तिथे विचारलं. देवळात गुरवाने तीर्थ देताना विचारलं. चहाच्या टपरीवर तर आप्पा दिसले की कुणीतरी आपलं गंभीर चेहऱ्याने सुरू करायचं, "काय म्हणता आप्पा, तार पोचली वर?" मुंबईला असलेल्या मुलाने फोनवर विचारलं तेव्हा आप्पांचा धीर सुटला, असं काकूंनीच मला नंतर सांगितलं. काही दिवसांनी अर्ज गेला. आप्पांच्या स्वतःच्या नावाने, पण गेला. टेकबहादूरना कुणी काही बोललं नाही. सरिताला आप्पांनी एकदा वाटेत अडवून म्हटलं म्हणे, "नंबर घालवलास गो स्वतःचा." आणि पुढे निघून गेले.

त्याच सुमाराला मी तालुक्याला एक पत्र धाडलं. ज्या घरात वीजच नाही त्याला वीज वाचवल्याचे गुण देऊ नका, कमी वापरा हे ज्याच्याकडे आहे त्याला सांगायचं असतं, असं दोन पानं भरून लिहिलं. उत्तर आलं नाही. पुढल्या वर्षी तक्ता आला त्यात वीज या रकान्यापुढे 'लागू नाही' असे दोन शब्द वाढवले होते. पर्यावरण शिक्षणातलं माझं योगदान कुणी विचारलं तर तेच दोन शब्द सांगावे लागतील.

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा मी बागेत गेले. मोहोर गळून कैऱ्या धरल्या होत्या. चढण चढून वर पोचेपर्यंत मला दम लागला. ऐन दुपार होती, कातळ तापलेला, सगळीकडे डोळे दिपवणारं ऊन. खोलीचं दार सताड उघडं होतं, आणि आत, भर दुपारी, दिवा लागलेला. सरिता त्याच्या बरोब्बर खाली भूगोल घेऊन बसली होती. आई बाजूला तांदूळ निवडत होती, तीही सरकून दिव्याखाली आलेली.

आईने मला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. सूप खाली ठेवून ती घाईने उठली आणि तिने बटणाकडे हात नेला. "अगं, पर्यावरणाच्या बाई आल्या," ती लेकीला म्हणाली, "बंद करायला नको?"

"राहू दे," मी म्हटलं.

"दिवसाचा लावलाय, बाई," सरिता ओशाळून म्हणाली. "आई सकाळपासनं बंदच करू देत नाय."

"दिसतंय मला. वर्गात विचारलंस तर बंद कर म्हणेन. इथे जळू दे."

आईला मी काय म्हणाले ते पुरतं कळलं की नाही कोण जाणे, पण तिने हात खाली घेतला. मग तिने चहा ठेवला, आणि आम्ही तिघी बाहेर एवढं लख्ख ऊन पडलेलं असताना त्या दिव्याखाली बसून तो प्यालो.